लँडलाइनवरून परदेशी फोन: ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्र आणि गोव्यातले सर्व ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत, आणि त्यांतल्या काही घरांत बोलण्याचं मुख्य साधन अजूनही लँडलाइनच आहे. अशा माणसांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: स्मार्टफोन घ्या, व्हॉट्सअ‍ॅप शिका. ज्यांना जमतं त्यांनी जरूर शिकावं. पण ज्यांची बोटं थरथरतात, त्यांना काचेवरचं बटण सरकवताना फोन कट होतो. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना जड रिसीव्हर कानाशी घट्ट धरूनच नातवाचा आवाज कळतो. त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा, मोठ्या घंटीचा टेबलावरचा फोन हाच योग्य फोन आहे. त्यावरून परदेशी बोलणं आज कमी पैशांत होऊ शकतं. अडतं ते चुकीच्या डायलिंगपाशी, जुन्या समजुतींपाशी आणि बिलातल्या बारीक अक्षरांपाशी. त्यातलं बहुतेक सगळं एका भेटीत सरळ करता येतं आणि ते काम संघाने हाती घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी समजुतींबद्दल. आयएसडी, म्हणजे परदेशी फोन, हा घड्याळाकडे बघत, घाम पुसत करायचा, हे ज्यांनी पिवळ्या पाटीच्या बूथमधून फोन केले त्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. तेव्हा ते खरंही होतं. देशाबाहेर जाणारा प्रत्येक कॉल विदेश संचार निगम या एकाच कंपनीकडून जात असे. ही मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली आणि दर उतरत गेले. पण आजही काही घरांत मुलाला स्वतःहून फोन करायचा विचारच कुणी करत नाही. दुसऱ्या टोकाला नवी समजूत आहे: "आमचा प्लॅन अनलिमिटेड आहे." फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारं अमर्याद बोलणं हे बहुधा लोकल आणि एसटीडीपुरतंच असतं. आयएसडी त्यात येत नाही, त्याचा हिशेब वेगळा होतो आणि तो महिनाअखेरीच्या बिलात कळतो. दोन्ही समजुती खर्चाच्याच. पहिलीत माणूस मुलाच्या आवाजाला मुकतो, दुसरीत पैशाला.

म्हणून सभासदाच्या घरी गेल्यावर पहिली गोष्ट बघायची ती लाइन कुठली आहे. फोनची वायर भिंतीतल्या जुन्या डबीत जात असेल तर ती तांब्याची लाइन. तिला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. वायर इंटरनेटच्या डब्याच्या मागे 'फोन' लिहिलेल्या भोकात जात असेल तर ती फायबरची लाइन. हा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोनही गेला. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला तर काही तास निभावतं, मात्र घेताना डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर बघून त्याच मापाचा घ्यावा. वीज गेल्यावरही फोन लागला पाहिजे अशा, एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या घरी हे सर्वांत आधी करावं.

दुसरी गोष्ट, आयएसडी सुरू आहे का. लँडलाइनवर ती सुविधा सहसा बंद असते आणि मागणी केल्यावरच सुरू होते. काही ठिकाणी अनामतही भरावी लागते. सुरू करून घेताना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत: ज्या देशात मुलं आहेत त्या देशाचा दर किती, पल्स (म्हणजे पैसे मोजण्याचा टप्पा) किती सेकंदांचा, आणि तिथल्या मोबाइलला व लँडलाइनला दर एकच आहे की वेगवेगळा. अमेरिका आणि कॅनडात सहसा फरक नसतो, युरोपात आणि आखातात मोठा असू शकतो. आयएसडी पॅक असेल तर त्यात कोणते देश आहेत, मुदत किती दिवसांची, आणि पॅक संपल्यावर मूळ दर आपोआप लागू होतो का, हेही विचारावं. आणि सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरावा.

पल्सचा अर्थ सभासदांना नीट समजावून सांगायला हवा, कारण गळती तिथेच होते. पल्स ६० सेकंदांचा असेल तर ५ सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिट लागतं. आणि मीटर सुरू होतं ते पलीकडे फोन उचलला गेल्यावर. निरोप नोंदवणारं व्हॉइसमेलचं यंत्र उचलतं तेही उचलणंच! समजा दर मिनिटाला ६ रुपये आहे आणि महिन्यात ८ वेळा मुलाऐवजी व्हॉइसमेल लागला, तर एक शब्दही न बोलता ४८ रुपये आणि करासह ५६ रुपये ६४ पैसे गेले. अमेरिकेतल्या मोबाइलवर व्हॉइसमेल साधारण २० ते २५ सेकंदांनी उचलतो. तिथली घंटी २ सेकंद वाजते आणि ४ सेकंद थांबते, म्हणजे चार घंट्या झाल्या की वेळ भरत आली. नियम साधा ठेवावा: चौथ्या घंटीला रिसीव्हर खाली.

घंटीवरूनच आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे पलीकडचा फोन वाजतो तेव्हा कानात "ट्रिंग-ट्रिंग" असा जोडीने आवाज येतो. अमेरिकेत एकच लांब सूर येतो. जर्मनीतही एकेरी सूर आणि मध्ये लांब शांतता. ज्येष्ठांना हा सूर 'एंगेज'चा वाटतो आणि ते फोन ठेवून देतात, पुन्हा लावतात, पुन्हा ठेवतात. इंग्लंडची घंटी मात्र आपल्यासारखी जोडीची आहे. प्रत्येक सभासदाला त्याच्या मुलाच्या देशाचा सूर एकदा प्रत्यक्ष ऐकवावा. सांगून जे कळत नाही ते एकदा ऐकून पक्कं होतं.

आता डायलिंग. मुलांनी पाठवलेला नंबर 'अधिक' चिन्हापासून सुरू होतो आणि टेबलावरच्या फोनवर ते चिन्हच नसतं. त्या चिन्हाच्या जागी भारतातून ०० फिरवायचं. मग देशाचा क्रमांक, मग उरलेला नंबर. चूक होते ती मधल्या शून्याची. बहुतेक देशांत देशांतर्गत फोन करताना आधी ० लावतात. बाहेरून करताना ते गाळायचं असतं. लंडनमधल्या मुलीचा मोबाइल ०७ ने सुरू होत असेल तर इथून ००४४७ आणि पुढचे आकडे. ऑस्ट्रेलियातला ०४ चा मोबाइल ००६१४ होतो, दुबईतला ०५ चा ००९७१५. जर्मनी, फ्रान्स, न्यूझीलंड यांनाही हेच लागू. इटली अपवाद आहे: तिथल्या लँडलाइनचं शून्य ठेवावंच लागतं. अमेरिका-कॅनडासाठी ००१ आणि पुढे बरोबर १० आकडे, सिंगापूरसाठी ००६५ आणि ८ आकडे. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून भारतातल्या मोबाइलला आधी ० लावावं लागतं. ती सवय लागल्यामुळे काही जण परदेशी नंबरालाही एकच शून्य लावतात आणि "हा नंबर अस्तित्वात नाही" ऐकून गप्प बसतात.

००१ म्हणजे अमेरिकाच, असंही नाही. कॅनडा आणि कॅरिबियन बेटांतले अनेक देश त्याच क्रमांकाखाली येतात. ८७६ जमैका, ४७३ ग्रेनेडा, ८०९ डोमिनिकन रिपब्लिक. दिसायला हे अमेरिकेतले नंबर वाटतात, दर मात्र वेगळा आणि बहुधा कितीतरी जास्त असतो. एकदाच घंटी वाजवून बंद करायची, म्हणजे माणूस कुतूहलाने उलट फोन करतो आणि महागड्या नंबरावर पैसे जातात, ही फसवणूक अशाच क्रमांकांवरून चालते. फोनच्या खिडकीत अनोळखी परदेशी नंबर दिसला तर उलट फोन करायचा नाही, हे प्रत्येकाला सांगून ठेवा. ओळखीचा असला तरी त्या खिडकीतून थेट बटण दाबून लावू नये. काही फोनवर येणारा परदेशी नंबर सुरुवातीच्या ०० शिवाय दिसतो आणि तसाच फिरवला तर भलतीकडे लागतो.

हळू डायल करण्याचा त्रास फायबरच्या लाइनवर फार होतो, आणि त्याचं कारण क्वचितच कुणी सांगतं. चष्मा सावरत, वहीत बघत एकेक आकडा दाबणाऱ्याला दोन आकड्यांमध्ये पाच-सहा सेकंद सहज लागतात. फायबरचा डबा तेवढा थांबत नाही. नंबर संपला असं समजून तो अर्धाच पुढे पाठवतो. माणसाला वाटतं आपलं काही चुकलं, डोळे गेले, डोकं चालत नाही. चुकलेलं काहीच नसतं. यावर दोन उपाय आहेत. फोनला खिडकी असेल तर रिसीव्हर न उचलता आधी पूर्ण नंबर दाबायचा, तपासायचा, मग स्पीकरचं बटण दाबायचं किंवा रिसीव्हर उचलायचा. ही सोय सगळ्या फोनवर नसते, त्यामुळे आधी करून बघावं. त्याहून बरं म्हणजे मेमरीचं एक बटण मुलीसाठी, एक मुलासाठी. ००सकट पूर्ण नंबर त्यात भरायचा आणि बटणावर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावायची. सेल टाकून चालणारा फोन असेल तर सेल संपले की मेमरी पुसली जाऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा सेल बदलावेत.

कॉलिंग कार्ड (आधी पैसे भरून घ्यायचं बोलण्याचं कार्ड) घेतलं असेल किंवा परदेशातल्या मुलाने तशी एखादी सेवा घेऊन दिली असेल, तर पद्धत वेगळी. आधी सेवेचा नंबर लावायचा, आवाज आला की पिन दाबायचा, मग परदेशचा नंबर. यात लँडलाइनवर आयएसडी सुरू असण्याची गरज नसते, कारण आपण लावतो तो देशातलाच नंबर. तो १८०० चा असेल तर फुकट, साधा असेल तर लोकल किंवा एसटीडी कॉल, म्हणजे अमर्याद प्लॅनमध्ये त्याचेही पैसे नाहीत. पण कार्डावर ठळक छापलेला दर हा पूर्ण खर्च नव्हे. प्रत्येक कॉलला जोडणीचे पैसे, ठरावीक दिवसांनी कापला जाणारा देखभाल आकार, तीन मिनिटांच्या टप्प्याने होणारी मोजणी आणि मुदत, या चार गोष्टी मागच्या बारीक अक्षरांत असतात. लहान लहान कॉल करणाऱ्याला जोडणीचे पैसे असलेलं कार्ड महाग पडतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलणाऱ्याला तेच परवडतं. म्हणून आधी सभासदाची बोलण्याची सवय विचारा, मग कार्ड सुचवा. आणि ते परवानाधारक कंपनीचंच असल्याची खात्री करा.

पिन दाबूनही "चुकीचा पिन" असंच ऐकू येत असेल तर फोन उलटा करून बघा. खाली किंवा बाजूला टी आणि पी अशी अक्षरं असलेली सरकपट्टी असते. टी म्हणजे टोन, पी म्हणजे आकडे पाठवण्याची जुनी पल्सची पद्धत; बिलातल्या पल्सशी तिचा संबंध नाही. तीत आकडे टकटक करत जातात आणि पलीकडच्या यंत्राला ते कळत नाहीत. पट्टी टी वर हवी. ही तपासणी फुकटात करता येते: कुठल्याही १८०० च्या ग्राहकसेवेला फोन लावा, "मराठीसाठी अमुक दाबा" आलं की दाबा. यंत्राने ऐकलं तर आपली बाजू ठीक आहे. पट्टी टी वर असूनही ऐकत नसेल आणि लाइन फायबरची असेल, तर डब्यातल्या जुळणीत आकड्यांचे सूर पाठवण्याची पद्धत चुकलेली असू शकते. तक्रार नोंदवताना "फोन खराब आहे" असं न सांगता "डीटीएमएफ (म्हणजे आकड्यांचे सूर) जात नाही" असे शब्द वापरा, म्हणजे योग्य माणूस येईल. तांब्याच्या लाइनवर हाच त्रास पावसाळ्यात होतो. जोडात पाणी शिरतं, खरखर वाढते आणि सूर बिघडतात. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा, डायल टोन थांबेल, मग ऐका. शांतता हवी. खरखर असेल तर कार्डाला दोष न देता लाइनची तक्रार करा.

पिनबद्दल एक सावधगिरी. फोनच्या रीडायलमध्ये शेवटी दाबलेले आकडे राहतात आणि काही फोनवर त्यात पिनही येतो. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असेल तर बोलणं झाल्यावर रिसीव्हर उचलून दोन-चार कुठलेही आकडे दाबावेत आणि ठेवून द्यावा.

यापेक्षाही स्वस्त मार्ग म्हणजे कॉल तिकडून सुरू होणं. मुलं म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप आहे की! पण व्हॉट्सअ‍ॅप लँडलाइनला लागत नाही. स्काइपवरून लागत असे. ते ५ मे २०२५ रोजी बंद झालं आणि ज्या घरांचा रविवारचा फोन स्काइपवर होता त्यांना नवी सोय करावी लागली. ज्या सभासदांचे फोन तेव्हापासून कमी झाले असतील त्यांच्या मुलांना एवढंच कळवा की लँडलाइनला पैसे भरून फोन करता येणारी इतर अ‍ॅप आहेत, जसं व्हायबर आउट, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना गूगल व्हॉइस. दर मिनिटावर असतो, मासिक वर्गणीची गरज नसते. नंबर लिहिताना ९१ नंतर एसटीडी कोडचं शून्य गाळायचं: पुणे २०, मुंबई २२, नाशिक २५३, कोल्हापूर २३१, नागपूर ७१२, रत्नागिरी २३५२, गोवा ८३२. कोड आणि नंबर मिळून १० आकडे झाले म्हणजे बरोबर. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल चालत नाहीत, तिथे परवाना असलेली अ‍ॅपच वापरावी लागतात. तिथल्या मुलांनी मुद्दाम फोन टाळला असा समज करून घेऊ नये.

अशा अ‍ॅपमध्ये "समोरच्याला कोणता नंबर दिसावा" हे निवडता येतं. काही मुलं आईवडिलांना ओळखू यावं म्हणून तिथे आपला जुना भारतीय नंबर ठेवतात. तो काढायला सांगा. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली आहे, त्यामुळे खऱ्या मुलाचा कॉलही वाटेतच अडू शकतो. तिथे परदेशी नंबरच ठेवावा. हीच माहिती फसवणूक ओळखायलाही उपयोगी पडते. परदेशातून बोलतोय असं सांगणाऱ्याचा नंबर भारतीय दिसला तर शंका घ्या आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

फोनची वेळ ठरवून ठेवली तर व्हॉइसमेलचा खर्चही वाचतो. पण वर्षातून दोनदा ती वेळ सरकते आणि लोक गोंधळतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. लंडन साडेचार आणि साडेपाच. अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे काही बदलत नाही. सिडनी साडेचार तास पुढे आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. मार्च आणि नोव्हेंबरच्या मासिक सभेत सचिवांनी हे वाचून दाखवलं तरी अनेक घरांतली "आज फोन का नाही आला" ही काळजी टळेल.

तिकडून फोन येत असला तरी आयएसडी पूर्ण बंद करू नका. रात्री-अपरात्री आईवडिलांनाच मुलाला गाठायची वेळ येऊ शकते. सुविधा सुरू ठेवून तिला कोडचं कुलूप लावता येतं. कंपनीकडे डायनॅमिक लॉक मागा, लावण्या-काढण्याची पद्धत लिहून घ्या आणि ती दोनदा करून बघा. आणि कुणी दुकानदार "इंटरनेटचा फोन तुमच्या लँडलाइनला जोडून देतो, परदेश लोकलच्या दरात" असं सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय असे कॉल फिरवणं हा गुन्हा आहे, आणि जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्या दारात येते.

आमची मागणी आता नेमकी सांगतो. प्रत्येक संघाने धीराने समजावणारे दोन सभासद या कामाला नेमावेत. त्यांनी लँडलाइन असलेल्या प्रत्येक सभासदाच्या घरी एकदा जावं, सोबत चिकटपट्टी, जाड पेन, फोनला लागत असतील तर नवे सेल आणि एक पुठ्ठा न्यावा. टी-पी ची पट्टी, खरखर, आयएसडीचं कुलूप आणि मेमरीची बटणं तपासावीत. मग मुलाला तिथूनच एक फोन लावावा, सभासदाच्या हाताने, सभासदाच्या कानाशी रिसीव्हर धरून. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं: ००सकट पूर्ण नंबर, ठरलेली वेळ, चौथ्या घंटीला ठेवायचं, आणि संघाच्या त्या दोघांचे नंबर. पुठ्ठा फोनखाली ठेवू नये, पुसताना तो हरवतो. भिंतीवर, बसल्या जागेवरून दिसेल अशा उंचीवर लावावा.

आपले,
दूरध्वनी सेवेत काम केलेले काही तंत्रज्ञ